उजव्या हातातला नारळ

प्लास्टिकच्या चुरचुरत्या कागदात गुंडाळलेला पुष्पगुच्छ दिसला की मला अजूनही मळमळतं. आमच्या विद्यापीठात त्याच्यावाचून काही होत नाही. कुणी आलं की सत्कार, कुणी गेलं की सत्कार, पाण्याचा नवा फिल्टर बसला तर बसवणाऱ्याचाही सत्कार. आणि प्रत्येक सत्काराचा जिओटॅग फोटो, म्हणजे कोपऱ्यात नकाशा, अक्षांश-रेखांश, पत्ता आणि वेळ छापून येणारा फोटो. असा फोटो नसेल तर ती गोष्ट घडलीच नाही, असं विद्यापीठाच्या मूल्यांकनाला येणारी मंडळी धरतात. माझ्या लग्नाचा असा फोटो माझ्याकडे नाही, त्यामुळे आमच्या नियमाप्रमाणे मी अजून अविवाहित आहे.

मी संभाजीनगरातल्या एका खासगी विद्यापीठात समाजकार्य शिकवते. संशोधनाचा माझा विषय वाळूजचा. तिथल्या मोठ्या कारखान्यांना पत्र्याचे सुटे भाग पुरवणारे लहान लहान कारखाने आहेत. त्यांच्यात प्रेस असते, पत्रा दाबून कापणारं यंत्र. त्यावर बायका बसतात, आणि त्यांची बोटं जातात. यंत्रासमोर हात आला तर ते आपोआप थांबावं अशी सोय असते, पण तिच्यामुळे कामाचा वेग पडतो म्हणून ती बंद करून ठेवतात. बोट गेलं की ते कारखान्यात गेलंच नाही असं ठरतं. मग ते कुठं गेलं, हे मी लिहून ठेवत होते.

ज्या बाईमुळे हे सगळं सांगायला बसले, तिला मी ताईच म्हणते. वयानं ती माझ्याहून लहान, पण आमच्या कामात घरोघर फिरणाऱ्यांना तशीच सवय असते. ती कन्नडजवळच्या एका खेड्यातली. माझं माहेरही त्याच तालुक्यातलं, त्यामुळे पहिल्या भेटीतच तिनं माझं गाव, भावकी आणि आमच्याकडची पाण्याची परिस्थिती विचारून घेतली होती. नवरा कामगारांच्या शिफ्टच्या बसवर ड्रायव्हर, दोन मुली शाळेत. वाळूजशेजारच्या रांजणगावात एक खोली आणि पुढं पत्र्याचा ओटा. प्रेसखाली तिच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट गेलं होतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा हाताला पांढरं बँडेज होतं आणि कारखान्याच्या सुपरवायझरनं दवाखान्यात सांगून टाकलं होतं की बाईचा हात गावाकडं कडबाकुट्टीत गेला.

कडबाकुट्टी म्हणजे गुरांसाठी वैरण कापायचं यंत्र. तिच्या सासरी दावणीला एक शेळीसुद्धा नाही, ती वैरण कुणासाठी कापत होती हे दवाखान्यात कुणी विचारलं नाही. या खोट्याच्या बदल्यात तिला त्याच कारखान्यात पॅकिंगचं काम मिळालं होतं. खोकी चिकटवायची आणि गप्प बसायचं. तिला ते काम हवं होतं, मुलींची शाळा त्यावर चालली होती. म्हणून तिनं माझ्याकडून आधी कबूल करून घेतलं.

"नाव कुठंच येऊ देऊ नका मॅडम. बाकी समदं सांगते."

मी कबूल केलं. माझ्या फोनमधला रेकॉर्डर चालू केला आणि ती बोलायला लागली. मध्येच तिचा फोन वाजला. डाव्या हातात माझ्यासाठी आणलेला चहा होता, म्हणून तिनं फोन ओट्यावर ठेवून स्पीकर लावला. सुपरवायझर होता.

"कुनी बी इचारलं तर कडबाकुट्टीच सांगायचं. प्रेसचं नाव काढायचं नाय. काढलं तर पॅकिंगचं काम इसरून जा."

"व्हय साहेब," ती म्हणाली.

फोन बंद झाल्यावर आम्ही दोघी रेकॉर्डरच्या लाल ठिपक्याकडे बघत बसलो. मी तो भाग पुसू का विचारलं. तिनं थोडा विचार केला आणि चहा माझ्या हातात दिला.

"ऱ्हाऊ द्या. असू द्या तुमच्यापाशी. कवा कामाला यील सांगता येत नाय."

तिचा हा शब्द लक्षात ठेवा. तिनं ती गोष्ट माझ्यापाशी ठेवली होती, विद्यापीठापाशी नाही.

त्याच सुमारास आमच्याकडे संशोधन सुरक्षा व अनुपालन कक्ष निघाला. वरून परिपत्रक आलं होतं की संशोधकांची माहिती परदेशी हातात जाऊ नये, चोरीला जाऊ नये, नियम पाळले जावेत. उद्घाटनाला बाहेरून एक वक्ते आले. त्यांनी क्षेपणास्त्रं, ड्रोन आणि शत्रुराष्ट्रं यांवर भाषण केलं. आमच्याकडे चोरण्यासारखं काय होतं? रसायनशास्त्रवाल्यांकडे कडुलिंबाचा अर्क होता आणि माझ्याकडे वाळूजच्या बायकांची बोटं होती. पण टाळ्या भरपूर पडल्या. मग सगळ्यांना एक ऑनलाइन प्रशिक्षण आणि शेवटी परीक्षा. परीक्षेची उत्तरं कक्षाच्या समन्वयक सरांनी स्वतःच व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. पासवर्ड कुणाला सांगावा का, या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं होतं, आणि ते ज्यात भरायचं त्या पानाचा सगळ्यांचा मिळून एकच पासवर्ड त्याच संदेशात खाली दिला होता. आम्ही सगळे पहिल्या श्रेणीत पास झालो.

समन्वयक सर वाईट माणूस नव्हते. हे मी मुद्दाम सांगते, कारण वाईट माणसाची एवढी शिसारी येत नाही. ते हसतमुख होते, कुणाच्या घरी मयत असली तर खांदा द्यायला सगळ्यांत पुढं. फक्त एखादी गोष्ट करणं आणि ती केल्याचं दाखवणं यात फरक असतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

कक्षाचा एक नियम मात्र बरा होता. मुलाखतींचे आवाज संशोधकानं आपल्या फोनवर ठेवायचे नाहीत. ते कक्षातल्या एका संगणकावर जमा करायचे, तो संगणक इंटरनेटला जोडलेला नसेल, कपाटात कुलपात असेल, आणि आपल्याकडची प्रत पुसायची. सहभागी व्यक्तींचे पत्ते असलेली संमतिपत्रंही तिथंच. फोन हरवतो, चोरीला जातो, घरातलं कुणी ऐकतं, तेव्हा नियमात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. मी लिपिकासमोर बसून एकेक मुलाखत पुसली. त्यानं कचरापेटीही उघडायला लावली आणि तिथूनही पुसून घेतलं. मला तेव्हा बरं वाटलं होतं. पहिल्यांदाच इथं कुणी काही नीट करतंय असं वाटलं.

मग मूल्यांकनाची तारीख जवळ आली आणि कुणाच्या तरी डोक्यात पडताळणी शिरली. म्हणे काही ठिकाणी संशोधक घरी बसून मुलाखती रचतात. तेव्हा आपल्याकडच्या मुलाखती खऱ्या आहेत, ती माणसं खरोखर आहेत, याचा पुरावा हवा. बैठकीत मी सांगितलं की या बायकांना मी क्रमांक दिलेत ते त्यांची ओळख कळू नये म्हणूनच, त्यांच्या दारात कुणी जाऊन चालणार नाही. समन्वयक सर माझ्याकडे बघून प्रेमानं हसले.

"मॅडम, आपण सगळे एकाच घरातले. घरातल्या घरात कसली गुपितं? बाहेर जाणार नाही ना काही."

मी लेखी हरकत दिली. तिच्यावर पोच मिळाली. त्यानंतर परीक्षक म्हणून मला कन्नडच्या एका कॉलेजात जावं लागलं.

परतीच्या एसटीत वेरूळ मागं पडल्यावर मी फोन उघडला. कक्षाच्या ग्रुपवर फोटो आला होता. तिचा ओटा मी लगेच ओळखला. समन्वयक सर, त्यांचे दोन सहकारी, मध्ये ती. मागं दोघांनी धरलेला फलक, त्यावर 'संशोधन सुरक्षा सप्ताह'. तिच्या खांद्यावर शाल, काखेत तो प्लास्टिकमधला पुष्पगुच्छ. कुणाच्या घरी रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून पडताळणीला जातानाही ही माणसं शाल-श्रीफळ घेऊन गेली होती. कोपऱ्यात नकाशा, गाव, गल्ली, वेळ, सगळं. आणि तिच्या डोळ्यांवर काळी पट्टी. खाली सरांनी लिहिलं होतं, 'सहभागी महिलेची गोपनीयता राखून यशस्वी पडताळणी व सत्कार.'

ती एरवी तो हात पदराखाली ठेवते. मी तिला रिक्षावाल्याला पैसे देताना, मुलीची वेणी घालताना पाहिलंय, अनोळखी माणूस आला की हात पदरात जातो. पण नारळ कुणी डाव्या हातानं घेत नाही. समोर शिकलेली, मोठी माणसं उभी, त्यांनी दिलेला मान, त्यांनी दिलेलं श्रीफळ. तिनं उजवा हात पुढं केला आणि त्याच क्षणी यांनी फोटो काढला. नारळाभोवती अंगठा आणि दोन बोटं, आणि जिथं बाकीची दोन असायला हवीत तिथं नारळाच्या शेंड्या. वाळूजमध्ये तो हात ज्यांना ओळखायचा होता त्यांना चेहऱ्याची काय गरज?

फोटोखाली अंगठेच अंगठे होते, हात जोडलेले होते, 'अभिनंदन सर' होतं. माझ्या अंगातून किळस उठली. मी एसटीतूनच सरांना फोन लावला. फोटो आत्ताच्या आत्ता काढून टाका म्हटलं.

"अहो, पण पट्टी लावलीय ना मॅडम. मी स्वतः लावली."

"सर, हात दिसतोय."

"हाताकडे कोण बघतं? आणि आता तो संकेतस्थळावरही गेलाय. कुलगुरूंनी स्टेटसला ठेवलाय. उद्योगवाल्या ग्रुपलाही आवडला."

उद्योगवाला ग्रुप म्हणजे आमच्या मुलांना नोकऱ्या मिळाव्यात म्हणून केलेला. त्यात वाळूजच्या कारखान्यांची माणसं आहेत. ते घरातले की बाहेरचे, हे मी सरांना विचारलं नाही. विचारून उपयोग नव्हता. फोटो रात्रीपर्यंत निघाला, पण तोवर जिथं पोचायचा तिथं पोचला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. कारखान्याच्या गेटवर सुपरवायझरनं तिला आत सोडलं नव्हतं. त्याच्या फोनवर तो फोटो होता.

"म्हनले, बाई, तुमचा तर सत्कार चाललाय, आता तुमाला पॅकिंग कशाला पायजे. आन् हसले." ती रडत नव्हती. आवाज सपाट होता. "मॅडम, त्या दिवशी तुमी म्हनल्या व्हत्या, नाव कुठंच येनार नाय. नाव तर खरंच आलं नाय."

मला तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं तेवढंच म्हटलं आणि लगेच कामाचं बोलली. नवऱ्याच्या ओळखीचा एक वकील कामगारांची प्रकरणं बघतो. तो म्हणतो, अपघात कारखान्यात झाला याला पुरावा पाहिजे. दवाखान्याच्या कागदावर कडबाकुट्टी आहे. सोबतच्या बायका बोलणार नाहीत, त्यांनाही पोटं आहेत.

"तुमच्यापाशी त्यांचा आवाज हाय ना मॅडम? तो फोन आलता तवाचा?"

मी हो म्हटलं. तेवढं म्हणायला मला काही वाटलं नाही, कारण आवाज होता. कपाटात होता.

आम्ही दोघी कक्षात गेलो. तिनं येताना चांगली साडी नेसली होती आणि हात पदरात होता. समन्वयक सरांनी उठून तिला खुर्ची दिली, चहा सांगितला. झाल्या प्रकाराबद्दल वाईट वाटतं म्हणाले, आणि खरंच वाटलं असावं, त्यांचे डोळे भरल्यासारखे झाले. मग मी तिचं रेकॉर्डिंग मागितलं. सर एकदम ताठ बसले.

"ते देता येत नाही, मॅडम."

"का?"

"गोपनीय आहे. सहभागी व्यक्तीची ओळख उघड होईल असं काहीही बाहेर देता येत नाही. नियम आहे, तुम्हीच तर बैठकीत हेच म्हणत होता."

मी म्हटलं, सहभागी व्यक्ती ही समोर बसलीय, तीच मागतेय. सर म्हणाले, तशी तरतूद नाही. शिवाय त्यात तिसऱ्या माणसाचा, म्हणजे सुपरवायझरचा, आवाज आहे आणि त्याची संमती घेतलेली नाही. त्याचीही गोपनीयता आहे. अर्ज करा, समिती बसेल, मूल्यांकन झाल्यावर.

ताई इतका वेळ चहाच्या कपाकडे बघत होती. ती हळूच म्हणाली, "साहेब, पर ते माझंच बोलनं हाय ना?"

"होतं ताई," सर खूप मायेनं म्हणाले. "आता ते विद्यापीठाचं आहे."

त्यांच्या मागं ते कपाट होतं. कपाटाला खरोखर कुलूप होतं. या इमारतीत जिला हात लागू नये अशी एकच गोष्ट होती, आणि ती त्यांनी जिवापाड जपली होती, जिची होती तिच्यापासून. नवा नियम मात्र तिथल्या तिथं निघाला. आम्ही उठलो तेव्हा सर लिपिकाला सांगत होते की उद्याच परिपत्रक काढा, यापुढं सहभागी व्यक्तींच्या छायाचित्रात डोळ्यांसोबत हातांनाही पट्टी लावावी. मी दारात थांबून ऐकलं. मला वाटलं, हा माणूस आता हसेल, मस्करी केली म्हणेल. तो लिपिकानं लिहून घेतलेल्या मजकुराचं शुद्धलेखन तपासत होता.

मी अर्ज केला. वरच्यांना पत्रं लिहिली. उत्तरादाखल मला कारणे दाखवा नोटीस आली, कारण मी सहभागी व्यक्तीला कक्षात आणून तिची ओळख कर्मचाऱ्यांसमोर उघड केली होती. मूल्यांकनाची मंडळी येऊन गेली. सुरक्षा आणि अनुपालनाचं त्यांनी विशेष कौतुक केलं, असं ग्रुपवर आलं. त्याखालीही अंगठे होते. काही अंगठे अशा लोकांचे होते जे माझ्या खोलीत येऊन, दार लावून, फार वाईट झालं म्हणून गेले होते. त्यांच्या हातचा चहासुद्धा मला नको वाटतो आता.

नोटीस मिळाली त्याच आठवड्यात मी रांजणगावला गेले. दुपारची वेळ, मुली शाळेत. सत्काराची शाल तिनं दारातल्या पायरीवर पायपुसणं म्हणून टाकली होती. मी ती ओलांडून आत गेले तर म्हणाली, "पाय पुसा की मॅडम, त्येच्यासाठीच टाकलीय." तेव्हा कुठं आम्ही दोघी जरा हसलो.

मी तिला सगळं सांगितलं. समिती बसेल म्हणतात, कधी बसेल ठाऊक नाही. तिनं ऐकून घेतलं.

"मग आता परत सांगते. लिवा तुमी. वकील म्हनतो कागदावर घ्या, खाली सही करा."

मी वही काढली. सवयीनं वर क्रमांक टाकला, तिला दिलेला जुना क्रमांक. तिनं डोकावून विचारलं हे काय. सांगितल्यावर म्हणाली, "ते खोडा. आता नाव लिवा. पुरं लिवा, माझं, बापाचं, नवऱ्याचं, गावाचं बी. लपवायला ऱ्हायलंय काय?"

मी नाव लिहिलं. ती बोलायला लागली. पहाटेची शिफ्ट, यंत्रासमोर हात आला तरी ते थांबणार नाही अशी केलेली सोय, ती कुणी केली, कुणाच्या सांगण्यावरून. पहिल्या वेळेपेक्षा यावेळी ती सावकाश बोलत होती, आणि हात पदराबाहेर मांडीवर होता. मग फोनचा भाग आला आणि ती अडखळली.

"ते त्यांच्या तोंडचं व्हतं मॅडम. आता माझ्या तोंडचं झालं. कोन खरं मानंल?"

मी नवं पान घेतलं, त्यावर माझं नाव, हुद्दा आणि विद्यापीठाचं नाव लिहिलं, आणि त्या दिवशी स्पीकरवरून मी माझ्या कानांनी काय ऐकलं ते शब्दाला शब्द लिहून काढलं. मुलाखतीतलं काहीही विद्यापीठाच्या नावानं बाहेर देऊ नका, असं नोटिशीत बजावलं होतं. सही करून मी पान तिच्याकडे सरकवलं. तिनं ते उजव्या हातानं घेतलं.